विक्रम सगळ्यांचा, कलंक एकट्याचा

पोस्ट लांब आहे आणि विषय बेसबॉलचा आहे. "आपल्याकडे बेसबॉल कोण बघतं?" असं म्हणून पुढे सरकू नका. नियम कळले नाहीत तरी चालेल, कारण मुद्दा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

१९९८ साली मी अमेरिकेत सेंट लुइसला होतो. वायटूकेचे दिवस होते. पुण्या-मुंबईतून आमच्यासारखी पोरं कोबोल शिकून विमानं भरभरून तिकडे चालली होती. मला तोवर बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात त्या गावात राहून बेसबॉलपासून लांब राहणं शक्यच नव्हतं. सकाळी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी पहिला प्रश्न एकच असायचा, "काल मारला का?" नाव घ्यायची गरज नसायची. मारणारा म्हणजे मार्क मॅग्वायर. सेंट लुइस कार्डिनल्सचा लाल केसांचा, झाडाच्या बुंध्याएवढ्या दंडांचा फलंदाज.

होम रन म्हणजे आपला सिक्सर समजा. चेंडू थेट कुंपणाबाहेर. पण आपल्याकडे टी-ट्वेंटीत सिक्सरचा पाऊस पडतो तसं तिथे नसतं. एका संघाला अख्ख्या सामन्यात एखाद-दुसरा होम रन मिळतो, कधी तोही नाही. हंगाम १६२ सामन्यांचा असतो. त्यात एका माणसानं ४० मारले तरी लोक डोक्यावर घेतात. १९२७ साली बेब रूथनं ६० मारले. १९६१ साली रॉजर मॅरिसनं ६१ मारले. त्यानंतर ३७ वर्षं त्या आकड्याला कुणी हात लावला नव्हता. आपल्याकडे गावसकरांची ३४ शतकं जशी एकेकाळी तोंडपाठ असायची, तसा तिथे ६१ हा आकडा लहान पोरालाही पाठ असायचा.

८ सप्टेंबर १९९८. आम्ही चार-पाच देशी पोरं अपार्टमेंटमध्ये टीव्हीसमोर बसलो होतो, खिचडीचा कुकर गॅसवर. समोर शिकागो कब्जचा संघ, म्हणजे कार्डिनल्सचे पिढीजात वैरी. चौथ्या इनिंगमध्ये मॅग्वायरनं चेंडू डाव्या बाजूला खालून सपाट मारला आणि तो कुंपणाच्या जेमतेम पलीकडे पडला. ३४१ फूट. त्याच्या त्या वर्षीच्या सगळ्या होम रनमध्ये सगळ्यात छोटा हाच, आणि हाच ६२ वा. गडी इतका हरखला की धावताना पहिल्या बेसला पाय लावायचाच विसरला, मागे येऊन लावला. मग त्यानं आपल्या १० वर्षांच्या पोराला उचलून घेतलं. प्रतिस्पर्धी संघातला सॅमी सोसा, जो त्याच विक्रमाच्या शर्यतीत होता, तो लांबून धावत आला आणि त्यानं मिठी मारली. प्रेक्षकांत मॅरिसची मुलं बसली होती. मॅग्वायर कठड्यावर चढून त्यांच्याकडे गेला, त्यांना भेटला. आमच्या खोलीतल्या एकालाही बेसबॉल कळत नव्हता, पण सगळ्यांचे डोळे ओले होते. खिचडी करपली, ती कुणाच्या लक्षातही आली नाही.

हंगाम संपला तेव्हा मॅग्वायरचे ७० झाले होते आणि सोसाचे ६६. मॅग्वायरनं ७० व्या वेळी मारलेला चेंडू पुढे ३० लाख डॉलरना विकला गेला. सेंट लुइसमधून जाणाऱ्या इंटरस्टेट ७० या हमरस्त्याच्या एका तुकड्याला १९९९ साली मॅग्वायरचं नाव दिलं गेलं. ७० होम रन आणि ७० नंबरचा रस्ता, असा तो योग.

आता पुढचं ऐका. त्याच रस्त्याचं नाव २०१० साली बदललं. आता तो मार्क ट्वेनच्या नावानं आहे. कारण जानेवारी २०१० मध्ये मॅग्वायरनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं की आपण जवळजवळ दहा वर्षं अधूनमधून स्टिरॉइड घेत होतो, १९९८ सालीसुद्धा.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना ऐकून माहीत असेल. हिरो होता, नशेबाज निघाला, पुतळा पाडला, विषय संपला. माझा मुद्दा इथून सुरू होतो. पुतळा एकट्याचाच का पाडला?

त्या संघाचा मॅनेजर होता टोनी ला रुसा. बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे आपल्याकडच्यासारखा हॉटेलच्या खोल्या आणि विमानाची तिकिटं बघणारा नव्हे. आपला कोच आणि कॅप्टन एकत्र केले तर जे होईल ते. कोण खेळणार, कितव्या नंबरला येणार, बॉलर कधी बदलायचा, सगळं तोच ठरवतो. खेळाडूंचाच गणवेश घालून त्यांच्यात बसतो. आणि ला रुसा हा तर बारकाव्यांचा माणूस म्हणून प्रसिद्ध. त्याचं एकच उदाहरण देतो. बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे बॉलर, हा तेव्हा सगळ्यात कच्चा फलंदाज असायचा. त्याला नवव्या, म्हणजे शेवटच्या नंबरला पाठवायची शंभर वर्षांची रीत होती. जुलै १९९८ मध्ये ला रुसांनी ती मोडली आणि पिचरला आठव्या नंबरला पाठवायला लागले. का? तर मॅग्वायर तिसऱ्या नंबरला येतो. नवव्या नंबरला जरा बरा फलंदाज असला तर मॅग्वायर येईल तेव्हा बेसवर आपली माणसं उभी असण्याची शक्यता थोडी वाढते. म्हणजे होम रन लागला की एकाऐवजी दोन-तीन रन.

काय डोकं आहे बघा! मॅग्वायरच्या एकेका फटक्याचं मोल वाढावं म्हणून शंभर वर्षांची रीत बदलणारा माणूस.

आता त्याच उन्हाळ्यातली ऑगस्टमधली गोष्ट. असोसिएटेड प्रेसचा स्टीव्ह विल्स्टीन नावाचा पत्रकार बाकीच्या पत्रकारांबरोबर मॅग्वायरच्या कपाटापाशी उभा होता. कपाट उघडं होतं. त्यात एक बाटली दिसली, अँड्रोस्टेनडायोनची. शरीरात गेल्यावर टेस्टोस्टेरॉन वाढवणारं औषध. ते तेव्हा अमेरिकेत दुकानात सर्रास मिळायचं, बेसबॉलच्या नियमांतही बसायचं. पण ऑलिंपिकमध्ये आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये त्यावर बंदी होती. विल्स्टीननं बातमी दिली. मॅग्वायरनंही नाकारलं नाही.

ला रुसांनी काय करावं? त्यांनी खेळाडूला बोलावून "बाबा, ही बाटली कसली आणि हिच्याबरोबर आणखी काय चाललंय?" असं खडसावल्याचं कुठे वाचनात नाही. ते भडकले पत्रकारावर. या वृत्तसंस्थेच्या लोकांना आमच्या ड्रेसिंग रूममध्ये यायला बंदी करा, ही त्यांची भूमिका. म्हणे खासगी आयुष्यात डोकावणं झालं. आणि खरं सांगतो, तेव्हा आम्हीही पत्रकारालाच शिव्या घातल्या. ऑफिसात एक जण म्हणाला, "रंगाचा बेरंग करायला टपलेलेच असतात हे." आम्ही माना डोलावल्या.

त्याच्या वर बसले होते बड सीलिग. बेसबॉलचे कमिशनर. सगळ्या संघांचे मालक मिळून ज्याला निवडतात तो प्रमुख. हे स्वतः मिलवॉकी संघाचे मालक होते, १९९२ पासून हंगामी कमिशनर आणि १९९८ च्या जुलैत कायम झाले. त्यांच्या कारकिर्दीतच १९९४ चा संप झाला होता. पगारांच्या मर्यादेवरून मालक आणि खेळाडू भांडले, १२ ऑगस्टला खेळ बंद पडला आणि वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. १९०४ नंतर पहिल्यांदा. दोन महायुद्धांत जी थांबली नाही ती पैशाच्या भांडणात थांबली. लोक एवढे चिडले की परत मैदानाकडे फिरकेनात. अशा वेळी हा १९९८ चा उन्हाळा आला. मैदानं भरली. लोक मॅच सुरू व्हायच्या दोन तास आधी येऊन बसायचे, फक्त मॅग्वायरचा सराव बघायला. मी स्वतः गेलोय एकदा. सामना सुरू होण्याआधीच पैसे वसूल झाल्यासारखं वाटायचं.

आणखी एक गंमत सांगतो. त्या वर्षी कार्डिनल्सचा संघ काही भारी खेळला नाही. ८३ जिंकले, ७९ हरले, गटात तिसरे, प्लेऑफमध्येसुद्धा नाहीत. म्हणजे त्या गर्दीचं कारण संघ नव्हता, होम रन होते. गल्ला होम रनवर भरत होता.

६२ व्या होम रनच्या रात्री सीलिग स्वतः मैदानात हजर होते. कमिशनरच्या नावानं एक नवं ऐतिहासिक कामगिरीचं पारितोषिक त्यांनी काढलं आणि पहिलं मॅग्वायरला दिलं. बाटलीची बातमी येऊन तेव्हा महिनाही नीट झाला नव्हता.

आकडे बघा. १९६१ नंतर ३७ वर्षांत ६१ ला कुणी पोचलं नाही. मग १९९८ ते २००१ या चार हंगामांत ६१ चा आकडा सहा वेळा ओलांडला गेला. मॅग्वायर ७० आणि ६५, सोसा ६६, ६३ आणि ६४, आणि सॅन फ्रान्सिस्कोचा बॅरी बॉन्ड्स ७३. सहा वेळा! चाचण्या आणि शिक्षा सुरू झाल्यावर पुन्हा ६२ दिसायला २०२२ उजाडलं, न्यूयॉर्कच्या ॲरन जजपर्यंत थांबावं लागलं. एखाद्या बँकेच्या शाखेत अशी आकडेवारी आली असती तर दुसऱ्या दिवशी ऑडिटर दारात उभा राहिला असता. इथे पारितोषिकं वाटली गेली.

बेसबॉलमध्ये स्टिरॉइड चालत नाहीत, असं पत्रक १९९१ सालीच आधीच्या कमिशनरनं काढलं होतं. फक्त चाचणीची सोय नव्हती. म्हणजे "येथे थुंकू नये" असा बोर्ड लावायचा आणि बघायला माणूस ठेवायचा नाही. चाचणी न होण्यात खेळाडूंच्या संघटनेचाही मोठा हात होता, हेही सांगितलं पाहिजे. खासगीपणाच्या नावाखाली त्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला. शेवटी २००३ मध्ये नावं गुप्त ठेवून पाहणी म्हणून चाचण्या झाल्या. ५ टक्क्यांहून जास्त नमुने दोषी निघाले, आणि २००४ पासून दोषींवर कारवाईचे नियम आले. तेही पहिल्यांदा सापडला तर उपचार, निलंबन नाही.

मग मार्च २००५ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसच्या समितीपुढे खेळाडूंना बोलावलं. मॅग्वायर तिथे रडवेला होऊन एकच सांगत राहिला की मी भूतकाळाबद्दल बोलायला आलेलो नाही. अख्ख्या देशानं टीव्हीवर बघितलं. त्या दिवशी तो संपला. सीलिग यांचीही त्या दिवशी तिथे झाडाझडती झाली, पण ते आणखी दहा वर्षं खुर्चीवर राहिले.

आता येतो मुख्य ठिकाणी. न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे बेसबॉलचं हॉल ऑफ फेम आहे. तिथे भिंतीवर आपली ब्राँझची पाटी लागणं म्हणजे त्या खेळातला मोक्ष. खेळाडूंसाठी मतदान करतात जुने-जाणते बेसबॉल पत्रकार, आणि ७५ टक्के मतं लागतात. निकषांत कामगिरीबरोबर सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्यही येतं. मॅनेजर आणि पदाधिकाऱ्यांसाठी १६ जणांची समिती असते.

मॅग्वायर, कारकिर्दीत ५८३ होम रन. २००७ साली पहिल्यांदा मतदानाला आला, २३.५ टक्के मतं. २०१० च्या जानेवारीच्या सुरुवातीला निकाल लागला तेव्हा २३.७ टक्के. त्यानंतर काही दिवसांतच त्यानं कबुली दिली. टीव्हीवर रडला. रॉजर मॅरिसच्या विधवा पत्नीला फोन करून माफी मागितली. पुढच्या वर्षी त्याची मतं घसरून १९.८ टक्के झाली. पुढेही बहुतेक वर्षी घसरली. २०१६ च्या शेवटच्या प्रयत्नात १२.३ टक्के, आणि नाव यादीतून बाद.

हा आकडा मला सगळ्यात जास्त टोचतो. गप्प होता तेव्हा २३.७, खरं बोलल्यावर १९.८. पोराबाळांना आपण काय शिकवतो? खरं बोल, माफी माग, शिक्षा कमी होईल. इथे उलटंच झालं.

आणि ला रुसा? डिसेंबर २०१३ मध्ये समितीच्या १६ पैकी १६ मतांनी निवड. २०१४ साली कूपर्सटाउनला पाटी लागली. संघानं त्यांचा १० नंबर आधीच सन्मानानं निवृत्त केला होता. सीलिग? डिसेंबर २०१६ मध्ये निवड, २०१७ साली पाटी. ज्या वर्षी मॅग्वायरचं नाव यादीतून कायमचं गेलं, त्याच वर्षाच्या शेवटी सीलिग यांचं नाव आत गेलं.

आता प्रत्येकाच्या बाजूनं नीट बोलू, नाहीतर कॉमेंटमध्ये लोक धरतीलच.

पहिलं. "ला रुसांनी इंजेक्शन घेतलं नव्हतं." बरोबर. शिवाय त्यांची कारकीर्द काही फक्त मॅग्वायरवर उभी नाही. त्यांनी तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या, १९८९ ला ओकलंडबरोबर आणि २००६ आणि २०११ ला सेंट लुइसबरोबर. शेवटच्या दोन वेळी मॅग्वायर खेळत नव्हता. मॅनेजर म्हणून ते मोठेच आहेत, त्यात वाद नाही.

दुसरं. "त्यांना माहीत नव्हतं." ला रुसा हेच सांगत आलेत. मॅग्वायरनं कबुलीच्या दिवशी फोन केला तेव्हा आपल्याला पहिल्यांदा कळलं, असं ते म्हणाले. ते खोटं बोलतात असं म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नाही, आणि मी म्हणणारही नाही. उलट आपल्या माणसावर त्यांची माया होती हे दिसतं. सगळ्यांनी वाळीत टाकलेल्या मॅग्वायरला त्यांनीच २००९ च्या अखेरीस बॅटिंग कोच म्हणून परत आणलं. कार्डिनल्सनंही २०१७ मध्ये त्याला आपल्या संघाच्या स्वतःच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. एवढी माणुसकी त्यांनी दाखवली, ती मान्य.

पण माझा प्रश्न "माहीत होतं का" हा नाहीच. प्रश्न आहे, "विचारलं का?" पिचर आठव्या नंबरला आला तर मॅग्वायरला किती फायदा होईल हे ज्याला कळतं, त्याला आपल्या सगळ्यात महत्त्वाच्या खेळाडूच्या कपाटात काय आहे हे एका बाहेरच्या पत्रकाराकडून कळतं? आणि कळल्यावर राग येतो तो पत्रकाराचा? न कळणं हासुद्धा एक निर्णय असतो. जिथे उत्तर अडचणीचं असणार असं पोटात कुठेतरी ठाऊक असतं, तिथे माणूस प्रश्नच विचारत नाही. मग वर्षांनी हात वर करून सांगता येतं, "मला काय माहीत?"

तिसरं. "मग काय मॅग्वायरला सोडून द्यायचं?" मुळीच नाही. त्या काळात कितीतरी पोरं स्टिरॉइड न घेता खेळत होती. त्यांची जागा गेली, त्यांचे करार गेले, त्यांची नावं कुणाला आठवतसुद्धा नाहीत. त्यांच्याशी झालेला अन्याय खरा आहे, आणि तो स्टिरॉइड घेणाऱ्यांनी केला. मॅग्वायरला पाटी नको, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच, की चारित्र्याचा नियम लावायचा तर वरपर्यंत लावा. ज्या होम रनसाठी फलंदाज अपात्र, त्याच होम रननी भरलेल्या गल्ल्याबद्दल प्रशासक पात्र कसा?

आणि हे काही मी एकटाच म्हणत नाही. स्वतः सीलिग यांनी माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांना चौकशी करायला सांगितलं होतं. डिसेंबर २००७ मध्ये अहवाल आला. त्यात ऐंशीहून जास्त खेळाडूंची नावं होती. पण त्याच अहवालात हेही स्पष्ट लिहिलं होतं की कमिशनर, संघांचे अधिकारी, खेळाडूंची संघटना आणि खेळाडू, सगळेच कमी-अधिक जबाबदार आहेत. दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून आलं? खेळाडूंची यादी. जबाबदारीचं वाक्य कुणाच्या लक्षात राहिलं नाही. यादी लक्षात राहते, कारण यादीत नावं असतात. "सगळे जबाबदार" म्हटलं की कुणाचंच नाव येत नाही.

अहो, याच खेळात रॉजर मॅरिसला काय वागणूक मिळाली होती! त्यानं काही घेतलं नव्हतं, काही केलं नव्हतं. पण १९६१ साली हंगाम १५४ ऐवजी १६२ सामन्यांचा झाला होता, म्हणून तेव्हाच्या कमिशनरनं सांगितलं की १५४ सामन्यांत झालं नाही तर विक्रमाची नोंद वेगळी ठेवायची. दडपणानं त्या वर्षी मॅरिसचे केस गळायला लागले होते. तो १९८५ साली गेला आणि विक्रम निखळपणे त्याच्या नावावर लागला १९९१ मध्ये. खेळाडूच्या नावापुढे शेरा मारायला हा खेळ असा तयार असतो. वरच्याच्या नावापुढे शेरा मारल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं मी आज का लिहितोय? कारण स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायला मला बरीच वर्षं लागली.

अमेरिकेतून परत आल्यावर पुण्यात एका कंपनीत मी टेस्टिंग टीमचा लीड होतो. एक मोठं काम होतं, तारीख गळ्याशी आलेली. टीममधला एक पोरगा, गावाकडून आलेला, अतिशय कष्टाळू. त्याचे टेस्ट रिपोर्ट फार स्वच्छ यायला लागले. बाकीचे दिवसाला तीस केसेस तपासायचे, हा सत्तर. सगळ्या हिरव्या. मी ते आकडे स्लाइडवर टाकून वर दाखवायचो. वरचे खूश, मी खूश. एकदाही त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो नाही की "बाळा, एवढ्या होतात कशा, जरा दाखव बरं."

पुढे क्लायंटकडे सिस्टिम बसली तेव्हा कळलं. अर्ध्या केसेस त्यानं चालवल्याच नव्हत्या, नुसत्या हिरव्या केल्या होत्या. त्याला काढलं. त्याच्या चुकीला माफी नव्हती, हे खरंच. पण त्या वर्षीचं माझं अप्रेझल उत्तम झालं. "कठीण परिस्थिती नीट हाताळली" असा शेरा होता.

जायच्या दिवशी तो लॅपटॉप जमा करायला आला आणि एवढंच म्हणाला, "सर, तुम्ही एकदा विचारलं असतं ना, तर मी सांगितलं असतं." आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

म्हणून मॅग्वायरच्या गोष्टीत मी फलंदाज नाहीच. प्रेक्षकांतलाही नाही. मी डगआउटमध्ये बसलेला माणूस आहे, ज्याला आकडे आवडत होते. आणि मला वाटतं, ही पोस्ट वाचणाऱ्यांपैकी बरेच जण कुठे ना कुठे त्याच बाकावर बसलेले असतील. क्लासवाले असतील, ज्यांना निकालाच्या जाहिरातीतले फोटो आवडतात. सेल्सचे साहेब असतील, ज्यांना महिन्याचं टार्गेट आवडतं. आईबाप असतील, ज्यांना टक्के आवडतात. आपण कुणालाच "फसव" असं सांगत नाही. आपण फक्त आकडा मागतो आणि तो कसा आला ते विचारत नाही.

कूपर्सटाउनच्या पाट्यांवर आता काय करायचं ते त्यांचं ते बघतील. माझ्या मते सोपा मार्ग आहे. मॅग्वायरला आत घ्या किंवा बाहेर ठेवा, पण ला रुसा आणि सीलिग यांच्या पाटीवर, जिंकलेल्या सामन्यांच्या आणि वाढलेल्या उत्पन्नाच्या कौतुकाखाली, एक ओळ वाढवा की हे सगळं स्टिरॉइडच्या काळात यांच्या देखरेखीखाली घडलं. अपमान म्हणून नको, नोंद म्हणून.

आणि आपल्यापुरतं म्हणाल तर, पुढच्या वेळी आपल्या हाताखालच्या कुणाचा आकडा अचानक फार सुंदर दिसला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. संशय घ्यायला नव्हे, विचारायला. कदाचित तो खरंच ७० मारणारा असेल, मग टाळ्या दुप्पट वाजवा. आणि नसेल, तर त्याला सांगायची संधी मिळेल आणि निस्तरायला वेळही.

बघा पटतंय का. नाही पटलं तर कॉमेंटमध्ये जरूर भांडा, पण भांडताना वरच्यांची नावंही घ्या, नुसत्या मॅग्वायरवर थांबू नका.